काळं बूच

तुम्ही मेलेल्या रोपांना जिवंत ठरवलंत. चुकून नव्हे, ठरवून. आणि आता त्या जिवंतपणाचा दाखला नाचवत खालची जिवंत झाडं पाडायला निघालात.

'तुम्ही' म्हणजे कोण, ते मला माहीत नाही. तुमच्या हुकमावर नाव नसतं, नुसता शिक्का. फोन लावला तर यंत्र बोलतं, लाडिक बाईच्या आवाजात. म्हणून 'तुम्ही' म्हणते. ज्याच्या अंगाला लागेल त्यानं आपलं समजावं.

मी प्रणाली सूर्यवंशी. मूळ गाव विट्याजवळ, पण जन्म इथला, हिमाचलातल्या शिलाधारच्या बाजारातला. आमच्याकडची माणसं गलाईची भट्टी घेऊन देशभर पांगली. लोकांचं मोडकं सोनं, काळी पडलेली चांदी वितळवायची आणि शुद्ध करून द्यायची, हा धंदा. आजोबा या डोंगरात चढले आणि उतरलेच नाहीत. वडील गेल्यावर भट्टी माझ्याकडे आली. वडिलांचं एक वाक्य होतं, "रंग बघून माल घेतला की भट्टी हसते." ते मला पाठ होतं, तरी यंदा मी रंगच बघत बसले.

धाकटा भाऊ रणजित. त्याला आगीपुढे बसायचं नव्हतं. त्याला तुम्ही वर डोंगरावर नोकरी दिलीत, रोपांचं ऐकण्याची.

हे ऐकणं म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण विट्याच्या माझ्या मामीलाही हे समजलं पाहिजे.

शिलाधारच्या वर देवदारांचं रान आहे. देवाचं रान, देवबण म्हणतात. त्यात कुऱ्हाड नेत नाहीत. चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारी झाडं. पण त्या रानात फिरलात तर एक गोष्ट हळूहळू अंगावर येते. तिथं पोर नाही. गुडघ्याएवढं, कमरेएवढं झाड नाही. सगळे म्हातारे. बी पडतं, रुजतं, दोन बोटं वर येतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात करपतं. म्हाताऱ्याची मुळं खोल, तो एखादं वाईट वर्ष काढतो. पोराचं मूळ बोटाएवढं, वरची माती सुकली की संपलं. डोंगर तापला तसा देवदाराचा पाळणा वर सरकला आणि म्हातारे खालीच राहिले. बाहेरून बघणाऱ्याला ते जंगल दिसतं. आत गेलं की मूल नसलेल्या घरासारखं वाटतं. भांडी जागेवर, अंथरुणं घडी घातलेली, सगळं स्वच्छ, आणि कुठं काही सांडलेलं नाही.

तेव्हा तुम्ही म्हणालात, रान वर हलवू. वरच्या उघड्या उतारावर, जिथं पूर्वी फक्त मेंढ्या चरायच्या, तिथं देवदाराची रोपं लावलीत. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. फक्त तुम्ही बर्फ धरलं होतं हिशेबात, आणि बर्फ पडायचं थांबलं.

लोकांना वाटतं बर्फ रोपाला मारतं. उलट आहे. बर्फ म्हणजे रोपाची गोधडी. वर कितीही कडाका पडो, गोधडीखाली रोप झोपलेलं असतं. गोधडी नसली की रोप उघडं पडतं. रात्री गारठतं आणि दुपारी ऊन लागलं की त्याची पानं जागी होतात, पाणी मागतात. खाली मूळ गोठलेल्या मातीत अडकलेलं. ते कुठून देणार? खोडात केसाहून बारीक नळ्या असतात, त्यांत पाण्याची अखंड दोरी असते. वरून ओढ, खालून पुरवठा नाही, दोरी ताणली जाते आणि तुटते. तुटते तेव्हा आवाज होतो. टिक्. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, यंत्र त्याची पट्टी खाली उतरवून ऐकवतं. म्हणजे हिवाळा उबदार झाला म्हणून रोपं थंडीत तहानेनं मरायला लागली.

तुम्ही प्रत्येक रोपाच्या बुंध्याला केसांच्या पिनेएवढा चाप लावलात. उतारावर ठरावीक अंतरावर खांब, खांबावर दिवे. त्या पट्ट्यातली रोपं गप्प असली तर हिरवा, टिकटिकली तर पिवळा. आणि मधोमध एक खोली, तिथं माझा भाऊ कानाला यंत्र लावून बसायचा.

पहिल्या हिवाळ्यात मी त्याला डबा द्यायला गेले. टळटळीत दुपार. आमच्याकडे भुताच्या वेळा दोन, तिन्हीसांजा आणि भर दुपार. आई सांगायची तेव्हा मी हसायचे.

"ऐकतीस का अक्का?" रणजित म्हणाला. त्यानं कानातलं काढून भिंतीवरचा कर्णा चालू केला.

ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज खोलीभर झाला. आधी एक, मग चार, मग सगळी कढईच.

"काय रे हे?"

"रोपं. तहानली की असं करत्यात."

"बंद कर."

"बंद केलं तर थांबत्यात व्हय?" तो हसला, पण हसू तोंडातच राहिलं. "रोज बारा वाजलं की सुरू. ऊन उतरलं की गप. मला आता घरी बी ऐकू येतंय. तू फोडणी घालतीस तवा मी दचकतो."

खरं होतं. जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर वाजत असायची. टिक्, टिक् टिक्. मी हातावर मारायचे, तो थांबवायचा, पुन्हा सुरू.

त्या वर्षी थोडंफार बर्फ पडलं. रोपं ओरडली, पण बरीचशी जगली. तेव्हा खांबावर तीन दिवे होते, हे लक्षात ठेवा. हिरवा, पिवळा आणि लाल.

दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ पडलंच नाही. पौष-माघात उतार पिवळ्या दिव्यांनी भरून गेला. रणजित घरी यायचा तो कानात कापूस घालून. रात्री बडबडायचा, "थांबा, देतो, पाणी देतो." वर पाण्याचे टँकर पोचत नव्हते. तुम्ही त्याला कळवलंत, निरीक्षण चालू ठेवा.

मग फाल्गुनात एक सर आली. नुसती जमीन ओली करून गेली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रणजितचा फोन आला. तो चक्क रडत होता.

"अक्का, गप झाली! सगळी! पाणी पोचलं बघ त्यांना. एक टिक् न्हाई. सगळा डोंगर हिरवा!"

त्या दिवशी तो पोटभर जेवला. बोटं ताटावर वाजली नाहीत. मी देवापुढे साखर ठेवली.

तुमची माणसं लगेच आली. एवढी घाई तुम्ही कधीच केली नव्हती. टँकरला रस्ता नव्हता, तुमच्या गाड्यांना होता. म्हणालात, वरचं रान जगलं, आता खालच्याची गरज नाही. खालचं मोजून बघितलं, ते तर टिकटिकतंय, म्हणजे आजारी. आजारी रान ठेवून काय करायचं? नव्या बोगद्याकडे जाणारा रस्ता तिथून जाईल.

पण देवबणाला हात लावायचा तर देवाला विचारावं लागतं. ही इथली रीत. तुम्हालाही ती मोडता आली नाही, कारण देवाच्या शब्दाविना इथला कुणी मजूर आरा उचलत नाही. देव ज्याच्या अंगात येतो त्याला गूर म्हणतात. आमचा गूर चेतराम, एरवी सफरचंदं पिकवणारा, हसरा, तंबाखू मागून खाणारा माणूस. चैत्रातल्या जत्रेत देवाची पालखी वरच्या उतारावर नेली. देवानं स्वतः पोरं बघावीत म्हणून.

मीही गेले होते. ढोल, करनाळ नावाच्या लांब तुताऱ्या, माणसंच माणसं. आणि चारी बाजूंना गुडघ्याएवढी हिरवीगार रोपं, रांगेनं, खांबा-खांबावर हिरवा दिवा. सुंदर होतं. पण ढोल थांबले आणि मला काहीतरी खटकलं. काय ते कळेना. वारा होता. माणसांच्या टोप्यांवरचे तुरे हलत होते, गवत हलत होतं. रोपांची पानं मात्र हलायची तेवढी हलत नव्हती, ताठ, खिळे ठोकल्यासारखी. आणि वास नव्हता. देवदाराच्या रानात शिरलं की वास आधी भेटतो, झाड नंतर. इथं हजारो देवदार, आणि नाकाला फक्त धूळ.

शेजारी रामदेई अम्मा उभी होती. तिची शेतं देवबणाच्या पायथ्याशी, तिचा झराही त्याच रानातून येतो. रान गेलं की झरा गेला आणि झरा गेला की अम्माचं गाव गेलं, इतकं सरळ होतं.

"अम्मा, वास येत नाही," मी म्हटलं.

"सर्दी झालीय तुला, गलाईवाली. भट्टीचा धूर खाऊन खाऊन."

चेतराम थरथरायला लागला. केस सुटले. आवाज त्याचा राहिला नाही. देव बोलला, "माझी पोरं वर जगली असतील तर म्हाताऱ्यांना जाऊ द्या."

मग रीतीप्रमाणे प्रत्येकानं रोपाची एकेक डहाळी खुडली. पुरुषांनी टोपीत खोचली, बायकांनी डोक्याला बांधायच्या रुमालात, ढाठूत. डहाळी हिरवी निघाली तर देवाचा शब्द पक्का. सगळ्यांच्या हिरव्या निघाल्या. तुमच्या साहेबालाही टोपी घातली, डहाळी खोचली, फोटो काढला. रणजितनं दाखल्यावर अंगठा उठवला, 'उतार शांत, निरोगी'. आणि देवानं दिलेला शब्द पुढच्या जत्रेपर्यंत फिरत नाही. गूरलाही फिरवता येत नाही.

नंतर बरेच दिवस गेले. रामदेई अम्मा माझ्या दुकानात आली. नातीच्या लग्नासाठी जुनी काळी साखळी गाळून हवी होती. मी मूस भट्टीत ठेवली. अम्मा समोर बसली, गप्पा मारत.

"काय गं, तुझ्या भावाला बायको कधी आणायची? रोपांशीच लग्न लावणार का त्याचं?"

मी हसून वर बघितलं आणि माझं लक्ष तिच्या ढाठूकडे गेलं. डहाळी अजून खोचलेली होती.

"अम्मा, ही जत्रेतली?"

"मग! देवाची आहे. गळून पडेपर्यंत काढत नाही आम्ही."

"हिरवी आहे अजून."

"देवाची आहे म्हटलं ना."

मूस भट्टीत होती. मला चिमटा उचलायचं भान राहिलं नाही. झाडापासून तोडलेली, पाण्याचा थेंब न मिळालेली डहाळी इतक्या दिवसांनीही हिरवी. मेलेली आणि हिरवी. देवदाराचं पान मेल्यावर लगेच रंग सोडत नाही. हे इथल्या प्रत्येक माणसाच्या टोपीवर दरवर्षी दिसतं, आणि डहाळी हिरवी म्हणजे झाड जिवंत ही परीक्षाही दरवर्षी त्याच टोपीत खोचली जाते.

आणि गप्प कोण असतं? पाणी प्यालेलं रोप गप्प असतं. मेलेलंही गप्पच असतं. त्याच्यात तुटायला दोरीच उरलेली नसते.

"अम्मा, चल," मी म्हटलं.

"अगं माझी चांदी!"

"चांदी कुठं जात नाही. चल."

आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सगळे दिवे हिरवे. एक पाखरू नाही. आम्ही कसोटीवर सोनं घासतो, रंगावर विसंबत नाही. मी खाली बसले आणि एका रोपाचा बुंधा नखानं खरवडला. जिवंत रोपाच्या सालीखाली ओली हिरवी रेघ असते. इथं तपकिरी निघाली. कोरडी, तंबाखूसारखी. शेजारचं खरवडलं. तपकिरी. रांग बदलली, खांब बदलला. अम्मा म्हातारी, पण ती दुसऱ्या बाजूनं सुटली. आम्ही दोघी वेड्यासारख्या खरवडत वर चढत होतो आणि आमच्या डोक्यावर हिरवे दिवे शांत जळत होते. शेवटी अम्मा वरच्या खांबाला टेकून बसली. तिनं ढाठूतली डहाळी काढली, हातात धरली, आणि कुठं टाकावी ते तिला कळेना.

तेव्हा मी खांबाकडे नीट बघितलं. हिरवा दिवा, पिवळा दिवा. तिसऱ्या भोकात काळं रबरी बूच.

रणजित खोलीच्या दारात उभा होता. त्यानं आम्हाला केव्हाच बघितलं असणार.

"लाल दिवा कुठाय?" मी विचारलं.

"काढला. पावसाळ्यानंतर चाप बदललं तवा."

"लाल कशाचा होता?"

त्यानं खांबाकडे पाठ फिरवली.

"रणजित!"

"नाडीचा," तो म्हणाला. "पहिल्या चापाला दोन तारा होत्या. एक टिक् ऐकायची. दुसरी खोड मोजायची. जितं खोड दिवसा आक्रसतंय, रातीला पाणी भरून फुगतंय. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं, पण फुगतंय. ती नाडी. नाडी थांबली की लाल. नव्या चापाला दुसरी तार न्हाई. म्हणाले, फुकटचा घोळ कशाला."

"म्हणजे मेलेलं ओळखायची सोयच काढून टाकली."

"व्हय."

"आणि तुला हे ठाऊक होतं. तरी अंगठा उठवलास."

"मला ठाऊक होतं का न्हवतं, ते मलाच सांगता येत न्हाई, अक्का." त्याची बोटं दाराच्या चौकटीवर वाजत होती. "ती वरडत होती. दोन महिने. मग गप झाली. मला गप पायजे होतं गं. मी इचारलंच न्हाई, का गप झाली."

मला त्याला मारावंसं वाटलं. अम्मा मध्ये आली. "त्याला काय बोलतेस? आपण सगळेच डोक्यावर खोचून नाचलो की."

त्याच दुपारी रणजितनं तुम्हाला कळवायला घेतलं. मी मागे उभी होते. पडद्यावर दोनच खुणा होत्या. 'शांत' आणि 'आवाज'. त्यानं खालच्या रिकाम्या जागी लिहिलं, 'मृत'. यंत्रानं उत्तर दिलं, हा पर्याय उपलब्ध नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग पडद्यावर आलं, 'उतार शांत. निरोगी. आपल्या सेवेबद्दल आभार.' आणि यंत्रातलं त्याचं खातं बंद झालं. तुम्ही त्याला काढलंत.

चेतरामकडे गेलो. त्यानं डहाळ्या बघितल्या, खरवडलेलं रोप बघितलं. "शब्द देवाचा होता," तो म्हणाला, "पण डोळे आमचे होते. शब्द पुढच्या जत्रेपर्यंत मला फिरवता येत नाही. जे तो घेऊन गेलेत त्यांनीच थांबावं." म्हणजे तुम्ही. ज्यांना रीत फक्त होकारापुरती हवी होती.

दोन दिवसांत आरेवाले आले, देवबणात. देवाचा शब्द होता, कुणी अडवायला तोंड नव्हतं.

रणजित आदल्या संध्याकाळीच घरातून गेला होता. खोलीच्या अडगळीत पहिल्या बनावटीचा एक चाप राहिला होता, दोन तारांचा. तो आणि भिंतीवरचा कर्णा त्यानं काढून आणला. देवबणातल्या सगळ्यात थोरल्या देवदाराची साल थोडी तासून चाप बसवला. कर्णा फांदीला बांधला. आवाज चढवला. आणि बुंध्याला पाठ लावून बसला.

मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. रान लाह्यांसारखं तडतडत होतं. एकच झाड, पण उंच बुंध्यांमधून तो आवाज परत परत येत होता, जणू सगळेच बोलत होते. वास होता, इतका की डोळे चुरचुरले. आरेवाले लांब, एका जागी गोळा होऊन उभे. आरे जमिनीवर. त्यातला एक बिहारचा मजूर होता, त्यानं रणजितला विचारलं, "भाऊ, हे काय वाजतंय?"

"झाड," रणजित म्हणाला. "तहानलंय."

"दुखतंय त्याला?"

"ठाऊक न्हाई. पण वरडतंय. म्हंजे जितं हाय." त्यानं चापाशेजारचा पडदा त्याच्याकडे फिरवला. त्यावर एक रेघ होती. आदल्या रात्रभर वर चढलेली, दुपारी हळूहळू उतरणारी. "ही नाडी. वरच्या रोपांची बघायची तर चल. सपाट हाय."

तो मजूर बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्यानं आऱ्याच्या पात्याला म्यान चढवलं आणि सावलीत जाऊन बसला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले. देवाच्या शब्दाविना ते आले नसते. पण आता देवाचा शब्द होता आणि आरा चालेना.

तुमचं म्हणणं काल आलं. देवबण 'आवाज' दाखवत असल्यामुळे आजारी आहे, पाडणं लांबवता येणार नाही, दुसरी टोळी येत आहे. तुमच्या शहाणपणात ओरडतो तो रोगी आणि गप्प पडलेला निरोगी. आणि घाई का, तेही मला कळलंय. ज्येष्ठाची उन्हं लागली की वरचा उतार तांबडा पडेल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग खालच्या गाडीरस्त्यावरून जाणारं शाळकरी पोरही सांगेल की हे मेलंय. त्याच्या आत तुम्हाला खालचं उरकायचं आहे. तुम्ही मेलेल्यांच्या रंगावर दिवस काढताय.

रणजित अजून त्या झाडाखाली आहे. जेवण मी नेते. त्याची बोटं आता वाजत नाहीत. नुसता ऐकतो. अम्मा शेजारी बसून त्याच्या लग्नाचं बोलते. त्यांच्या डोक्यावर म्हातारं झाड दुपारभर तडतडतं आणि ऊन उतरलं की थांबतं, आणि थांबलं की तिघंही आम्ही आधी पडद्यावरच्या रेघेकडे बघतो. वर चढतेय का? चढते. आजही चढली.

आता तुम्ही उत्तर द्या. शिक्क्याचं नको, बाईच्या आवाजातलं नको. एक माणूस पाठवा, भर दुपारी. मी त्याला वर नेईन. त्यानं आपल्या पसंतीचं एक रोप निवडावं, आपल्या नखानं खरवडावं, आणि आत काय रंग निघाला ते गावासमोर मोठ्यानं सांगावं. आणि मग वर मान करून खांबाकडे बघावं.

त्या तिसऱ्या भोकात बूच कोणी ठोकायला लावलं? नाव सांगा.